सार्वजनिक बांधकामांसाठी ऑन-कॉल सल्लागार: सांगली-साताऱ्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नगरपंचायतींचे अभियंते, जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागांतली मंडळी, ग्रामसेवक, शिवाय सांगलीच्या वालचंदमधून किंवा कराडच्या शासकीय अभियांत्रिकीतून बाहेर पडून स्वतःचं ऑफिस टाकलेले तरुण, या सगळ्यांकडून तेच ते प्रश्न येत राहतात. त्यातले नेहमीचे इथे एकत्र केले आहेत. खरेदीच्या मर्यादा आणि वित्तीय अधिकार शासन निर्णयांनी बदलत असतात, म्हणून आकडा टाकण्याआधी ताजा निर्णय काढून वाचा.

१. ऑन-कॉल सल्लागार म्हणजे नक्की कोण? पीएमसी आणि हा एकच ना?

नाही. पीएमसी (प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार) एका ठरावीक प्रकल्पासाठी सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेमलेली असते. ऑन-कॉल सल्लागाराचे दर, अटी आणि माणसं आधी ठरवून ठेवलेली असतात, काम मात्र गरज पडेल तेव्हाच दिलं जातं. त्यामुळे इथे कागद दोन असतात: एक मूळ करार, समजा दोन वर्षांचा, आणि दुसरा प्रत्येक कामाचा स्वतंत्र कार्यादेश. नुसत्या करारावर एक रुपयाही देय होत नाही. ऑफिसात याला कुणी ‘पॅनेलवरचा’ म्हणतं, कुणी ‘रेट कॉन्ट्रॅक्टवरचा’. बहुतेक भानगडी हे दोन कागद एकच समजल्याने होतात. कार्यादेशाबद्दल प्रश्न ७ पाहा.

२. आमच्याकडे इंजिनिअर आहेत की. मग बाहेरच्याला पैसे कशाला द्यायचे?

गटार, वर्गखोली, अंतर्गत रस्ता यासाठी देऊच नका. कनिष्ठ अभियंत्याला जमणारं अंदाजपत्रक सल्लागाराकडून करून घ्यायची सवय काही ठिकाणी लागली आहे. तिचा तोटा पैशापुरता नाही. दोन वर्षांत त्या कार्यालयातला माणूस दरविश्लेषण विसरतो आणि सल्लागाराने काय लिहून दिलंय ते तपासायलाही कुणी उरत नाही.

सल्लागार लागतो तो वर्षातून चार-पाच वेळाच उपयोगी पडणाऱ्या कौशल्यासाठी. येरळा किंवा अग्रणीवर पूल घ्यायचाय आणि पायाखाली कातळ किती खोल आहे हे बोअर घेऊनच कळणार आहे. पाण्याची जुनी टाकी गळतेय आणि ती पाडायची की दुरुस्त करायची हे ठरवायचंय. घाटातला कडा सुटतोय आणि भूगर्भतज्ज्ञाने बघायला हवंय. अशा माणसाला बारा महिने पगारावर ठेवणं कोणत्याही नगरपरिषदेला परवडणार नाही, आणि दर वेळी नवी निविदा काढत बसलं तर पावसाळा उलटून जातो.

३. पॅनेलचे विषय कसे पाडायचे? ‘स्थापत्य सल्लागार’ असा एकच गट केला तर चालेल का?

चालेल, पण पस्तावाल. एकच गट केला की सगळ्यात मोठी उलाढाल दाखवणारी कंपनी आत येते आणि मातीपरीक्षणापासून पुलाच्या आरेखनापर्यंत सगळं पोटसल्लागारांकडून करून घेते. गट कामाप्रमाणे पाडा: भूस्तर तपासणी, पूल, इमारतींचं संरचनात्मक परीक्षण, सर्वेक्षण, पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण, उतारस्थैर्य, साहित्य चाचणी.

आपल्या दोन जिल्ह्यांत भूगोलही बघावा लागतो. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास असतो. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या बाजूला जांभा, डोंगरउतार आणि पाण्याचा निचरा हे प्रश्न आहेत. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या, त्यानंतर तिकडच्या प्रत्येक रस्त्याच्या कामात उताराचा विचार करावाच लागतो. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत प्रश्न वेगळाच. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि तिच्यावरचा रस्ता पहिल्या दोन पावसाळ्यांत लाटा दाखवतो. एकच माणूस दोन्हीकडे तितकाच जाणकार असेल असं गृहीत धरू नका. शक्य असेल तिथे डोंगरी भाग आणि खोरं असे दोन पोटगट करा.

आणखी दोन गोष्टी त्या-त्या गटाच्या अटींतच लिहून टाका. कोयना परिसरात ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप झालेला आहे, तेव्हा तिथल्या इमारतींच्या आरेखनात भूकंपाची गणितं वेगळी जोडून मागा. महाबळेश्वर-पाचगणी हा २००१ पासून अधिसूचित पर्यावरण संवेदनशील प्रदेश आहे, तिथे सल्लागाराला त्या परवानग्यांचा अनुभव हवा.

४. ओळखीचा चांगला इंजिनिअर आहे. त्याला थेट पत्र देऊन नेमता येईल का?

माणूस चांगला असणं हे थेट नेमणुकीचं कारण होत नाही. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मध्ये सल्लासेवांसाठी नियम १७७ ते १९६ असा स्वतंत्र भाग आहे, आणि त्यात नामनिर्देशनाने, म्हणजे एकाच स्रोताकडून, नेमणूक करायची ती नियम १९४ खाली, अपवाद म्हणून आणि कारणं लेखी नोंदवून. हे नियम राज्याला थेट लागू नाहीत. केंद्राच्या निधीची योजना असेल तर तिच्या मार्गदर्शक सूचना त्यांच्याकडे बोट दाखवतात. राज्यात उद्योग विभागाची १ डिसेंबर २०१६ ची खरेदी कार्यपद्धतीची नियमपुस्तिका आहे, त्याशिवाय तुमच्या विभागाचे निर्णय आणि संस्थेचा स्वतःचा कायदा: महानगरपालिकेला १९४९ चा, नगरपरिषदेला १९६५ चा, जिल्हा परिषदेला १९६१ चा.

व्यवहारात मार्ग असा: आधी ईओआय (इच्छुकांकडून स्वारस्य मागवण्याची जाहिरात) काढून पात्र लोक निवडायचे, मग त्यांच्याकडून आरएफपीवर (प्रस्ताव मागवण्याच्या कागदपत्रावर) तांत्रिक आणि दराचा असे दोन वेगळे लिफाफे घ्यायचे. हे एकाच टप्प्यातही करता येतं. रक्कम मर्यादेच्या वर असेल तर महाटेंडर या राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर. मर्यादेखाली बसवण्यासाठी एकाच कामाचे तीन तुकडे केले तर लेखापरीक्षक ते पहिल्याच दिवशी पकडतो, कारण तिन्ही पत्रांची तारीख बहुधा एकच असते.

५. निवड सरळ कमी दरावर करावी का? तेच सुरक्षित ना?

फाईल सुरक्षित राहते, पुलाचं सांगता येत नाही. चाचण्या, मोजणी, बोअर अशा ठरीव कामांत पात्रतेची अट घालून सर्वांत कमी दर घ्यायला हरकत नाही. जिथे डोकं विकत घ्यायचंय तिथे गुणवत्ता आणि दर दोन्हींना भार द्यावा.

आकड्यांत बघा. एका सल्लागाराला तांत्रिक गुण ९०, दर १२ लाख. दुसऱ्याला गुण ७५, दर ९ लाख. कमी दरवाल्याला, म्हणजे दुसऱ्याला, दराचे १०० गुण, पहिल्याला त्या प्रमाणात ७५. भार (गुणवत्ता:दर) ७०:३० ठेवला तर पहिल्याचे ६३ अधिक २२.५ म्हणजे ८५.५, दुसऱ्याचे ५२.५ अधिक ३० म्हणजे ८२.५. पहिला निवडला जातो. भार ५०:५० ठेवला तर पहिला ८२.५ वर राहतो, दुसरा ८७.५ वर जातो. निकाल उलटा. म्हणून भार किती ठेवणार आणि का, हे निविदा निघण्यापूर्वी टिपणीत लिहा. लिफाफे उघडल्यावर त्याला हात लावता येत नाही.

ऑन-कॉलमध्ये खरी गोची पुढे आहे. किती काम निघणार हेच माहीत नसतं, मग एकूण दराची तुलना कशाची करणार? त्यासाठी नमुना वर्ष मांडायचं: समजा १२० मीटर बोअरिंग, सहा पुलांची पाहणी, दोन टाक्यांचं परीक्षण, ४० दिवस तज्ज्ञाची भेट. प्रत्येकाचे दर या परिमाणांनी गुणून बेरीज करायची. परिमाणं गेल्या तीन वर्षांच्या खऱ्या कामांवरून काढा, अंदाजपंचे टाकू नका. टाकलीत तर हुशार निविदाकार ओळखतो की बोअरिंग १२० मीटर होणारच नाही. तो बोअरिंगला कवडीमोल दर भरतो आणि तज्ज्ञाच्या दिवसाचा दर दुपटीवर नेतो. बेरजेत तो सर्वांत खाली दिसतो आणि वर्षाअखेर सर्वांत महाग पडतो. अवास्तव कमी किंवा अवास्तव चढ्या बाबीचं दरविश्लेषण मागण्याचा अधिकार निविदेत राखून ठेवा.

६. फी टक्क्यावर ठरवावी की दिवसावर?

अंदाजपत्रकाच्या टक्क्यावर फी ठरवली तर काम फुगवणाऱ्यालाच बक्षीस मिळतं. नालीवर स्लॅब ड्रेन (साधी मोरी) पुरेसा असताना बॉक्स कल्व्हर्ट (पेटीच्या आकाराची मोठी मोरी) काढून आणला तर फी वाढते. हे सगळेच करतात असं नाही, पण तुमच्या करारानेच त्यांना ते सुचवू नये. मोजता येणाऱ्या कामाला बाबनिहाय दर, पाहणीला आणि सल्ल्याला दिवसाचा दर, पूर्ण आरेखनाला टप्प्याटप्प्याने ठोक रक्कम, असं मिश्रण बरं पडतं. दिवसाच्या दरात प्रवास धरलाय की नाही ते स्पष्ट लिहा. पुण्याहून येणारा सल्लागार जतला जाऊन परत जाण्यात अख्खा दिवस घालवतो आणि बिल दोन दिवसांचं येतं.

७. कार्यादेशात काय-काय हवं? आम्ही साधारण फोन करूनच बोलावतो.

फोन करून बोलावण्याला कुणाची ना नाही. फोनवर काम वाढत जातं, ते थांबवा. ‘साहेब, एकदा बघून जा’ असं म्हणून बोलावलेल्या माणसाकडून पुढे ‘जरा अंदाजपत्रकही करून द्या’, मग ‘निविदा कागदपत्रंही बघा’ असं होत जातं. सहा महिन्यांनी तो चार लाखांचं बिल ठेवतो, आणि ना त्याच्याकडे कागद असतो ना तुमच्याकडे. दोघेही खरं बोलत असतात आणि बिल तरीही अडकतं.

कार्यादेश एका पानाचा असला तरी पुरतो. कोणतं काम, कुठे. हातात काय मिळणार: अहवाल, नकाशे, गणितं, बोअर लॉग (बोअरमध्ये कोणत्या खोलीवर काय लागलं त्याची नोंद), किती प्रती. कोणता माणूस स्वतः येणार, त्याचं नाव. किती दिवसांत. कराराच्या कोणत्या दराने आणि कमाल किती रकमेपर्यंत. खर्च कोणत्या लेखाशीर्षातून. आणि तुमच्याकडून त्याला काय मिळणार, कारण जुने नकाशे देणार कोण यावर सर्वाधिक वेळ जातो. कमाल रकमेच्या पुढे जायची वेळ आली तर काम थांबवून सुधारित कार्यादेश, हे वाक्य ठळक लिहा. सल्लागारांनाही हेच सांगणं: कार्यादेश हातात पडेपर्यंत प्राथमिक भेटीच्या पुढे जाऊ नका. पुराचा अपवाद प्रश्न ८ मध्ये आहे.

८. पूर आलाय, पूल बंद करायचा की नाही हे आत्ता ठरवायचंय. तेव्हा कार्यादेश कुठून आणायचा?

यासाठीच तर ऑन-कॉल करार करायचा, आणि त्यात आणीबाणीचं कलम आधीच घालायचं. सक्षम अधिकाऱ्याचा ईमेल किंवा व्हॉट्सॲप संदेश हा तात्पुरता कार्यादेश मानला जाईल, त्याची कमाल रक्कम अमुक, आणि दोन कामकाजाच्या दिवसांत नियमित कार्यादेश निघेल, असं ते कलम. संदेश कोण पाठवू शकतो ती पदनामंही लिहा. नाहीतर पुराच्या रात्री पाच जण बोलावतात आणि सकाळी कुणीच बोलावलेलं नसतं.

सांगलीत तर ट्रिगरही आयता आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पाणी इशारा पातळीला पोचलं की सल्लागाराच्या पथकाने तयारीत राहायचं, आणि ओसरून इशाऱ्याच्या खाली आलं की चोवीस तासांत यादीतल्या पुलांची पाहणी सुरू करायची, असं करारात थेट पातळीशी बांधता येतं. कराड, वाईसारख्या ठिकाणी जवळच्या धरणाचा विसर्ग हा ट्रिगर धरता येईल.

ओसरल्यावरची पाहणी जास्त महत्त्वाची, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. लोक पाणी चढताना पुलावर गर्दी करतात, अधिकारीही तेव्हाच धावतात. पण पायाखालची माती वाहून गेली आहे का, पोचमार्गाचा भराव पोखरलाय का, बेअरिंग (पुलाचा गाळा ज्यावर टेकतो ती बैठक) सरकलंय का, हे पाणी उतरल्यावरच दिसतं, आणि वाहतूक सुरू करण्याची घाईही नेमकी तेव्हाच असते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहून गेला. सावित्रीचा उगम आपल्याच महाबळेश्वरातला. त्या दुर्घटनेनंतर राज्यभर जुन्या पुलांची तपासणी निघाली. पाहणीचा नमुना नव्याने शोधू नका, इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी एसपी ३५ या मार्गदर्शिकेत तो आहे, कार्यादेशात त्याचा उल्लेख केला की झालं.

जून ते ऑक्टोबर पथक तयार ठेवण्याचा थोडा मासिक मोबदला द्यावा का, असंही विचारतात. माझं मत द्यावा. फुकट तयार राहिलेला माणूस पुरात दुसऱ्याच जिल्ह्यात सापडतो.

९. आमची फर्म पॅनेलवर आली. आता वर्षाला किती काम मिळेल?

कदाचित शून्य. करारात किमान कामाची हमी नसते आणि नसावीच. म्हणून पॅनेलच्या भरवशावर कर्ज काढून ड्रिलिंग रिग घेऊ नका. मात्र निविदेत नमुना वर्षाची परिमाणं दिलेली असतील (प्रश्न ५), तर ती कोणत्या आधारावर काढली हे बोलीपूर्व बैठकीत जरूर विचारा. तो तुमचा हक्क आहे, उद्धटपणा नाही.

१०. एका गटात तिघे आहेत. बोलवायचं कुणाला?

ठरवलेलं नसेल तर नेहमी तोच बोलावला जातो ज्याचा फोन पहिल्यांदा लागतो. करारात तीनपैकी एक पद्धत लिहा: पाळीपाळीने, तालुक्यांप्रमाणे वाटून, किंवा ठरावीक रकमेच्या वरच्या प्रत्येक कामासाठी तिघांकडून थोडक्यात प्रस्ताव मागवून. छोट्या कामांना पाळी, मोठ्यांना प्रस्ताव, हे सोपं पडतं. पाळीची नोंदवही ठेवा आणि पाळी चुकवली तर कारण लिहा.

ही पद्धत अमेरिकेत रस्ते विभागांत फार रुळलेली आहे. तिथे संघराज्याच्या निधीच्या कामांत ऑन-कॉल कराराची मुदत पाच वर्षांच्या पुढे जाऊ शकत नाही, एकूण कमाल रक्कम आधी जाहीर करावी लागते, आणि अनेक सल्लागार असतील तर काम कसं वाटणार तेही. तिथे १९७२ च्या ब्रुक्स कायद्यामुळे आरेखन सल्लागार गुणवत्तेवर निवडून मग दराची बोलणी करतात. आपल्याकडे तसं करता येत नाही, पण मुदत, मर्यादा आणि वाटपाची पद्धत या तीन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत.

११. मुदत किती ठेवावी?

दोन वर्षं, आणि समाधानकारक काम असेल तर त्याच दराने किंवा आधीच लिहिलेल्या दरवाढीने आणखी एक. पहिला करार पावसाळ्याच्या आत, मेअखेरपर्यंत सुरू होईल असं बघा.

१२. आम्ही चार मित्रांनी नुकतंच ऑफिस टाकलंय. अनुभवाच्या अटीत बसत नाही. काय करावं?

भूस्तर तपासणी किंवा सर्वेक्षणासारख्या छोट्या गटांत आधी शिरा, किंवा जुन्या सल्लागाराबरोबर संयुक्त प्रस्ताव द्या. संयुक्त प्रस्तावात तुमचा वाटा आणि तुमची माणसं नाव घेऊन लिहा, नाहीतर काम मिळाल्यावर तुम्ही ड्राफ्ट्समन होऊन बसता.

कार्यालयांना उलट बाजूने सांगणं: फर्मची उलाढाल मागण्यापेक्षा प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसाचा अनुभव मागा. वास्तुविशारदांना १९७२ च्या कायद्याने परिषदेची नोंदणी लागते. स्थापत्य अभियंत्यांसाठी देशपातळीवर तसा कायदाच नाही, त्यामुळे कुणीही पाटी लावू शकतो. संरचना अभियंत्याची पात्रता राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत दिलेली आहे, ती किमान अट म्हणून वापरा.

१३. सल्लागार निवडताना वाटाघाटीला आलेले साहेब एक, साइटवर येतो तो दुसराच. यावर उपाय?

प्रमुख तज्ज्ञांची नावं कराराचा भाग करा. बदली फक्त लेखी मंजुरीने, तितक्याच किंवा जास्त अनुभवाच्या माणसाने, आणि दुसऱ्यांदा बदललं तर दिवसाच्या दरात कपात. साइट भेटीच्या अहवालावर आलेल्या माणसाचीच सही घ्या. ही एक सवय लागली की अर्धी तक्रार मिटते.

१४. इंजिनिअरिंग कॉलेजला पॅनेलवर घ्यावं का?

साहित्य चाचणी, संरचनात्मक परीक्षण, दुसऱ्याच्या आरेखनाची छाननी यासाठी जरूर. प्रयोगशाळा असते, हितसंबंध कमी असतात आणि कॉलेजच्या शिक्क्याला वजन असतं. अडचण वेळेची. परीक्षा, प्रवेश, मूल्यांकन समितीची भेट असे महिने आले की अहवाल लांबतो. म्हणून कॉलेजच्या कार्यादेशात प्राध्यापकाचं नाव आणि तारीख दोन्ही हवं. आणीबाणीच्या कामासाठी (प्रश्न ८) फक्त कॉलेजवर विसंबू नका.

१५. ज्याने डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) केला त्यालाच त्रयस्थ तपासणीचं काम दिलं तर? त्याला सगळं माहीत असतं.

माहीत असतं म्हणूनच नको. आपल्याच आरेखनातली चूक शोधून काढण्याचे पैसे कुणी प्रामाणिकपणे घेत नाही. एका प्रकल्पात आरेखन करणाऱ्याने त्याच प्रकल्पाची त्रयस्थ तपासणी, ठेकेदाराचं काम किंवा ठेकेदाराला सल्ला यातलं काहीही करू नये. प्रत्येक कार्यादेशाबरोबर हितसंबंध नसल्याचं घोषणापत्र घ्या, कराराच्या वेळचं एकच पुरत नाही, कारण दोन वर्षांत सल्लागाराचे नवे ग्राहक होतात.

याच्या जवळचा, कमी बोलला जाणारा मुद्दा म्हणजे चाचणीचे पैसे. बऱ्याच कामांत क्यूबच्या (काँक्रीटच्या घन ठोकळ्याच्या) चाचणीची फी ठेकेदार भरतो आणि नमुनेही तोच पोचवतो. मग प्रयोगशाळेचा ग्राहक कोण? आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे १६ ते ३० घनमीटर काँक्रीटला तीन नमुने घ्यायचे असतात. ते ओतकामाच्या वेळी, कनिष्ठ अभियंत्यासमोर, ओळखखूण टाकून घेतले गेले तरच २८ दिवसांच्या निकालाला अर्थ आहे. ऑन-कॉल प्रयोगशाळा कार्यालयाने नेमली आणि बिल कार्यालयाने दिलं, तर हा गुंता बराच सुटतो.

१६. सल्लागाराने सही केली. उद्या काही झालं तर जबाबदारी त्याचीच ना?

फक्त त्याची नाही. तांत्रिक मान्यता सक्षम अभियंत्याचीच असते आणि मोजमाप पुस्तिकेतली नोंद ज्याने केली त्याची. सल्ला ‘सल्लागाराने सांगितलं’ म्हणून डोळे झाकून स्वीकारला असं फाईलवरून दिसलं तर अधिकारी सुटत नाही. उलट, सल्ला नाकारला असेल तर का नाकारला हे दोन ओळींत लिहून ठेवा. पूल बंद ठेवा असा लेखी सल्ला असताना तो सुरू केला गेला, तर ती फाईल फार जड होते.

सल्लागाराची जबाबदारी करारात तीन ठिकाणी बांधतात: चुकीचं आरेखन स्वखर्चाने दुरुस्त करणं, व्यावसायिक दायित्व विमा, आणि नुकसानभरपाईची कमाल मर्यादा. मर्यादा फीच्या काही पट ठेवणं रास्त. अमर्याद दायित्व लिहिलंत तर चांगले लोक येतच नाहीत आणि येणारे ते वाचत नाहीत.

१७. बिलावर जीएसटी लागतो का? एक म्हणतो लागतो, एक म्हणतो माफ.

दोघेही बरोबर असू शकतात. राज्य शासनाला किंवा स्थानिक प्राधिकरणाला दिलेली शुद्ध सेवा, म्हणजे जिच्यात माल किंवा कंत्राटी बांधकाम नाही, ती जर घटनेच्या २४३-जी किंवा २४३-डब्ल्यू खाली पंचायती-नगरपालिकांना सोपवलेल्या कामाशी संबंधित असेल तर माफ आहे. महापालिकेच्या रस्त्याचं आरेखन त्यात बसतं. पण शासनाने कायद्याने स्थापलेल्या प्राधिकरणांना आणि महामंडळांना ही सवलत १ जानेवारी २०२२ पासून उरलेली नाही, तिथे १८ टक्के धरा. निविदेतच ‘दर जीएसटी वगळून’ असं लिहिलं की तुलना सरळ होते.

आयकराची कपात व्यावसायिक सेवेवर १० टक्के, निव्वळ तांत्रिक सेवेवर २ टक्के. कोणती कुठे, यावर तुमच्या लेखा शाखेचं मत लेखी घ्या. करपात्र सेवेचा करार अडीच लाखांच्या वर असेल तर जीएसटीची २ टक्के कपात वेगळी.

१८. सहा महिने बिल निघालं नाही. काही उपाय आहे का?

उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला २००६ च्या एमएसएमई कायद्याने संरक्षण आहे. करारात काहीही लिहिलं तरी देयकाची मुदत सेवा स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे जाऊ शकत नाही. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं, आणि दाद सुकरता परिषदेकडे (थकलेल्या देयकांसाठी याच कायद्याखालच्या मंडळाकडे) मागता येते. मात्र काम देण्यापूर्वीची नोंदणी हवी, आणि कार्यादेश हातात नसेल तर (प्रश्न ७) तिथेही गाडी अडते. कार्यालयांनी एवढं करावं: अहवाल आल्यापासून १५ दिवसांत त्रुटी कळवायच्या, नाही कळवल्या तर तो स्वीकारला असं धरायचं.

१९. काम झाल्यावर कोणत्या फाईल घ्यायच्या?

पीडीएफवर समाधान मानू नका. आरेखनाच्या मूळ कॅड फाईल, गणितांच्या शीट, सर्वेक्षणाचे बिंदू, बोअर लॉग आणि गाभ्याचे फोटो, सगळं घ्या, आणि अंतिम देयक त्याला बांधा. बोअर लॉग तर सोन्यासारखे जपा. एकाच नदीवर वीस वर्षांत तीनदा तेच बोअर घेतले जातात, कारण आधीचे कुणाच्या तरी कपाटात असतात. मालकी कार्यालयाची, हे करारात लिहा.

२०. मी साधा नागरिक आहे. आमच्या पुलाचा परीक्षण अहवाल मला मिळेल का?

माहिती अधिकार कायदा २००५ मध्ये ‘माहिती’च्या व्याख्येत अहवाल, नमुने, प्रतिकृती हे सगळं येतं. कलम २(जे) प्रमाणे साहित्याचे प्रमाणित नमुनेही मागता येतात, हे फार थोड्यांना माहीत आहे. कार्यालय कधी कधी कलम ८(१)(डी) मधल्या व्यापारी गुपिताकडे बोट दाखवतं. सल्लागाराच्या दरविश्लेषणाला ते कदाचित लागू होईल, सरकारी पैशातून झालेल्या पुलाच्या अहवालाला लावणं कठीण आहे. अर्जात पुलाचं नाव, रस्त्याचा क्रमांक आणि साखळी क्रमांक (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर) लिहा, म्हणजे ‘माहिती विस्तृत आहे’ असं उत्तर येत नाही.

२१. आचारसंहिता लागलीय. पॅनेलवरच्या सल्लागाराला कार्यादेश देता येईल का?

प्रत्यक्ष सुरू झालेलं काम चालू राहतं. नवीन कामाचा आदेश देणं आणि आदेश निघूनही जागेवर न सुरू झालेलं काम सुरू करणं, याला बंदी असते. ऑन-कॉल करार जुना असला तरी नवा कार्यादेश हे नवं कामच, असं धरून जिल्हा निवडणूक शाखेची लेखी परवानगी घ्या. पुरानंतरच्या पुलाच्या पाहणीसारख्या जीविताच्या प्रश्नात तीच परवानगी तातडीने मागावी. अर्जासोबत आणीबाणीच्या कलमाची प्रत जोडा.

२२. करार ३१ मार्चला संपला, पण एक कार्यादेश फेब्रुवारीतला आहे आणि आरेखन अर्धवट आहे. आता?

मुदतीत निघालेला कार्यादेश पूर्ण होईपर्यंत कराराच्या अटी आणि दर चालू राहतील, असं कलम असेल तर काहीच अडत नाही. मुदत संपल्यावर फक्त नवा कार्यादेश निघू शकत नाही. कलम नसेल तर त्या एका कामापुरती मुदतवाढ सक्षम अधिकाऱ्याकडून घ्या, आणि पुढच्या वेळी ती करार संपायच्या आतच मागा. ३१ मार्चच्या आत निधी खर्ची टाकायचा म्हणून अर्धवट आरेखनाचं पूर्ण बिल काढून ठेवण्याची जुनी रीत आहे. ते करू नका. झालेल्या टप्प्यापुरतंच देयक काढा (प्रश्न ६ मधले टप्पे इथे उपयोगी पडतात) आणि उरलेल्या रकमेची तरतूद पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात दाखवा.